माया कोळेकरचा शेवटचा पेपर

रविवारी सकाळी साडेनऊला माया कोळेकरने लॅपटॉपचं झाकण उघडलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात चढत्या उंचीच्या पाच रेघा असायच्या. सकाळी आठला तिने स्वतः त्या बघितल्या होत्या. आता तिथे बारीकशी तांबडी फुली होती. फुलीवर बोट नेलं की एकच वाक्य उमटायचं, ‘नेटवर्क उपलब्ध नाही.’

परीक्षा अकराला होती. साडेअकरापर्यंत आत शिरता येणार होतं. त्यानंतर दार बंद.

माया बेचाळीस वर्षांची. माहेर म्हसवडजवळचं, मेंढपाळाचं. कळपामागे फिरता फिरता सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन कवठे महांकाळजवळच्या वाडीवर आली, मुलगी झाली, आणि गावच्या हायस्कुलात ती झाडलोटीला लागली. तिथे वर्गाबाहेर उभं राहून तिला पुन्हा अक्षरांची ओढ लागली. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, मग प्रयोगशाळा परिचर झाली, मग बारावी. आणि मग, लोक हसतील म्हणून कुणाला न सांगता, बाहेरून बी. कॉम.ला नाव घातलं.

त्या नोंदणीची मुदत आठ वर्षांची होती आणि ती या परीक्षेला संपत होती. सगळे विषय सुटले होते, एक व्यापारी कायदा सोडून. एकदा त्या पेपरच्या दिवशीच सासरे वारले. दुसऱ्यांदा चार गुण कमी पडले. आज चुकला तर मागचं सगळं धुऊन जाणार होतं आणि पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा आठ वर्षं कोण काढतो?

परीक्षा घरातून द्यायची होती. मोबाईल चालणार नाही, कॅमेरा असलेला लॅपटॉप हवा, आणि काल ज्या लॅपटॉपवर सराव चाचणी दिली त्याच लॅपटॉपवर आज बसायचं, असा नियम होता. म्हणजे दुसऱ्या कुणाचा मागून आणायचीही सोय नव्हती.

हा लॅपटॉप तेरा वर्षांचा. शाळेतून निवृत्त झालेले हेडक्लार्क अनंत केळकर यांच्या मुलाचा, अनीशचा. वजनाला जात्याच्या तळीसारखा, बॅटरी मेलेली. वायर भिंतीला असेल तरच चालणार, वीज गेली की तोही गेला. तो सुरू व्हायला दहा मिनिटं घ्यायचा आणि सुरू होताना भाताच्या कुकरसारखा आवाज करायचा.

मायाने आधी बंद करून पुन्हा चालू केला. दहा मिनिटं ती पडद्याकडे बघत बसली. फुली तशीच. फळीवरच्या राउटरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. तिने त्याचंही बटण बंद-चालू केलं. तिचा फोन त्याच राउटरवर झटकन जोडला गेला. लॅपटॉपला मात्र काही दिसेना.

मुलगी समीक्षा मिरजेला नर्सिंगच्या वसतिगृहात, रविवारची तिची ड्युटी, फोन बंद. नवरा बिरदेव कळप घेऊन कराडच्या बाजूला, आणि तो असता तरी लॅपटॉपला हात लावायला घाबरलाच असता. दहा वाजायला पाच मिनिटं असताना तिने सांगलीला केळकरांना फोन लावला.

“भाऊसाहेब, फुली आलीया. तांबडी.”

“कशावर? पेपर अजून सुरू व्हायचाय, मायाबाई.”

“वायफायवर. आठ वाजता समदं बरं हुतं. आता काय दिसंना.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. केळकर भाऊसाहेबांनी चौतीस वर्षं शाळेचं दफ्तर सांभाळलं होतं. घाईत काही बोलायचं नाही हा त्यांचा स्वभाव.

“हं. क्रमाने जाऊ. तुमचा फोन राउटरला जोडला गेला?”

“व्हय.”

“म्हणजे राउटर बरा. आता फोनचं हॉटस्पॉट चालू करा आणि लॅपटॉपला फोन दिसतो का बघा.”

तिने केलं. लॅपटॉपच्या यादीत फोनही नव्हता. शेजारच्या नानासोंच्या घरात नेट होतं, काल त्यांचंही नाव यादीत दिसत होतं. आज तेही नाही. यादीच रिकामी.

“कुणीच न्हाई भाऊसाहेब. रिकामं.”

“अच्छा. तीन-तीन नेटवर्कं एकाच वेळी बिघडणार नाहीत. दोष लॅपटॉपच्या पोटात आहे.” जरा थांबून ते म्हणाले, “वायरने जोडता येईल का?”

राउटरपासून लॅपटॉपपर्यंत जायची वायर बसवणाऱ्याने दिलीच नव्हती. फोनच लॅपटॉपला जोडावा तर चार्जरची वायर होती, पण ती दोन्ही टोकांना सारखी बारीक, आणि या जुन्या लॅपटॉपची सगळी भोकं चपटी, रुंद. कवठ्यातलं दुकान रविवारी बाराशिवाय उघडत नाही.

“मी अनीशला विचारतो,” भाऊसाहेब म्हणाले. “त्याचाच लॅपटॉप, त्याला खाचाखोचा माहीत. फोन ठेवू नका. नाही, ठेवा. मी करतो.”

चुलीपाशी बसलेली सासू, दगडाबाई, इतका वेळ सगळं ऐकत होती. सत्तरी ओलांडलेली बाई, कान मात्र शाबूत.

“काय म्हंतोय बामन?”

“पोटात बिघाड हाय म्हंत्यात.”

“मग ओवा घाल की.”

“आत्ती, गप बसा वो जरा!”

दगडाबाई गप बसली, पण पुटपुटत. माया लगेच ओशाळली. सासूवर आवाज चढवायची तिला सवय नव्हती. पण भिंतीवरचं घड्याळ दहा वाजून आठ मिनिटं दाखवत होतं.

भाऊसाहेबांचा फोन आला. अनीश पुण्यात असतो, फोन उचलत नव्हता. “पण माझ्या ओळखीचा एक दुरुस्तीवाला आहे इथे, विश्रामबागेत. घरीच आहे, विचारलं मी. लॅपटॉप घेऊन येता येईल?”

नानासो अंगणात गाडी पुसत होते. तिने दारातूनच विचारलं.

“सांगली? आत्ता?” नानासोंनी फडकं खांद्यावर टाकलं. “पळवली तर तास लागंल. बस, हाय काय त्यात.”

तिने मनात हिशेब केला. सव्वादहाला निघालं तर सव्वाअकरा. दुरुस्तीवाल्याला मिळणार पंधरा मिनिटं, त्यातली दहा लॅपटॉप सुरू होण्यातच जाणार. आणि वाटेत रेल्वेचं फाटक लागलं, टायर बसलं, तर तिथेच रस्त्याच्या कडेला आठ वर्षं संपणार. इथे थांबलं तर निदान सव्वा तास हातात. पण त्या सव्वा तासात करायचं काय, ते तिला ठाऊक नव्हतं.

“चल की गं, काय इचार करतीयास?” नानासोंनी किक मारली.

“न्हाई,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ दे भाऊजी.”

गाडीचा आवाज बंद झाला आणि तिला वाटलं, आपण चूक केली.

पुढचा अर्धा तास तिने काय काय दाबलं ते तिचं तिलाही आठवत नाही. या खिडकीत जा, त्या खिडकीत जा. एका ठिकाणी ‘दुरुस्त करा’ असं होतं, ते दाबलं तर हिरवी पट्टी सरकत राहिली आणि शेवटी म्हणाली, दोष ओळखता आला नाही. भाऊसाहेब फोनवर एकेक सांगत होते, ती एकेक करत होती. बाराव्या की तेराव्या प्रयत्नाला भाऊसाहेबांचाही आवाज खाली आला. “मायाबाई, मला जेवढं माहीत होतं तेवढं संपलं.”

अकराला दहा कमी होते. डोळ्यांत पाणी आलं तसं तिने ते पालथ्या हाताने पुसलं. हाताला पिवळं लागलं. कपाळावरचा भंडारा.

आणि तिथे तिची दाबादाबी थांबली.

तिचे वडील, आप्पासो, कळपात एखादं मेंढरू कमी भरलं की कधी पुढे धावायचे नाहीत. बाकीचे गडी हाका मारत रानभर पांगायचे. आप्पासो मात्र जागेवर उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, शेवटचं कुठं मोजलं हुतं? ओढ्याकाठी. तवा पुरं हुतं? हुतं. मग ओढ्यापासनं हितवर काय काय झालं ते सांगा. कुठं कुत्रं भुंकलं, कुठं वळण घेतलं, कुठं पाणी पाजलं. मेंढरू पुढं न्हाई जात, गड्या. मागंच ऱ्हातंय.

मायाने किबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. शेवटचं पुरं कधी होतं? आठ वाजता. मग झाकण लावलं. मग भाकरी केल्या. मग आत्तींनी देव पुजले. बिरोबाचा भंडारा मायाच्या कपाळाला लावला, आणि आज परीक्षा यंत्राची पण हाय म्हणून मूठभर भंडारा लॅपटॉपवर उधळला. पिवळाधमक झाला लॅपटॉप. आत्ती आंघोळीचं पाणी तापवायला बाहेर गेल्या तेव्हा मायाने फडकं घेऊन तो पुसला. प्रयोगशाळेतली काच पुसायची सवय, कण राहिलेला चालत नाही. झाकण पुसलं, कडा पुसल्या. पुढच्या कडेला एका बारीक खाचेत हळद बसली होती, ती निघेना, म्हणून फडक्याचं टोक अंगठ्याखाली धरून जोर लावून...

तिने लॅपटॉप दोन्ही हातांनी पुढून उचलून धरला.

कडेखाली, मनगट टेकतं त्याच्या बरोबर खाली, एक खाच होती. कोपऱ्यात अजून पिवळं होतं. आणि खाचेत नखाएवढं काळं बटण, एका बाजूला सरकलेलं. खाचेजवळचा बारीक दिवा नारिंगी. सकाळी तो निळा होता का? होता. निळाच होता. ती तो चार्जिंगचा समजत होती.

तिने नखाने बटण दुसऱ्या बाजूला सरकवलं. खट् असा आवाज झाला.

काहीच झालं नाही. एक, दोन, तीन असं ती मोजत राहिली. नवव्या आकड्याला दिवा निळा झाला. फुली गेली. यादीत आधी नानासोंचं नाव आलं, मग तिच्या घरचं.

“भाऊसाहेब,” ती फोनमध्ये ओरडली, “बटण हुतं वो! म्होरल्या कडंला बटण हुतं!”

“बटण?” भाऊसाहेबांनी विचारलं. “अरे देवा. वायफायचं बटण. जुन्या लॅपटॉपांना असायचं. अनीश नेहमी म्हणायचा... अहो, पण ते सरकलं कसं?”

मायाने चुलीकडे बघितलं. दगडाबाई मान उंचावून बघत होती, डोळे मोठे करून.

“सरकलं असंल पुसताना,” माया म्हणाली. “ठेवते भाऊसाहेब.”

“लागलं का गं?” दगडाबाईने विचारलं.

“लागलं.”

“बघ! म्या सांगतीया, भंडारा पावतुया. तुमी शिकल्याली मानसं मानत न्हाई.”

“पावला, आत्ती,” माया म्हणाली आणि परीक्षेचं पान उघडायला लागली.

पान उघडायला जुन्या लॅपटॉपने आपला वेळ घेतलाच. अकरा वाजून बारा मिनिटांनी तिचं नाव आलं. मग ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचं. मग चेहरा. मग एका अनोळखी बाईचा आवाज आला, “खोली चारही बाजूंनी दाखवा.” मायाने लॅपटॉप वायरीला ताण बसेपर्यंत उचलून फिरवला. फळी, कपाट, चूल.

“मागे कोण बसलंय?”

“सासूबाई हायत.”

“खोलीत दुसरं कुणीही चालणार नाही. त्यांना बाहेर पाठवा, दार लावून घ्या. लवकर करा.”

अकरा सतरा. मायाने सासूकडे बघितलं. घर एका खोलीचं, दगडाबाईचे गुडघे धरलेले, बाहेर ऊन चढलेलं.

“आत्ती, भायेर बसावं लागंल. दोन तास.”

“माज्याच घरातनं मला भायेर?” दगडाबाईने लॅपटॉपकडे बोट केलं. “ती बाय कोन मला सांगनारी?”

“आत्ती, पाया पडते तुमच्या. न्हाईतर समदं बुडंल.”

दगडाबाईने सुनेच्या तोंडाकडे बघितलं. मग भिंतीला धरून उठली, काठी घेतली आणि उंबरा ओलांडला. जाताना दार तिनेच ओढून घेतलं.

पहिला प्रश्न उघडला तेव्हा अकरा वाजून एकवीस मिनिटं झाली होती, आणि घड्याळ अकरापासूनच पळत होतं. एकवीस मिनिटं गेली ती गेली. मायाने मोठे प्रश्न आधी घेतले. वचनचिठ्ठीचा प्रश्न आला, तो तिने गेल्या वेळी चुकवला होता, यावेळी नाही. मध्येच पंख्याचा वेग उतरला. वीज जाते की काय म्हणून तिने वर बघितलं. पंखा पुन्हा सावरला. बाहेर कुणीतरी मोठ्याने हाक मारली आणि दगडाबाईचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा, “गप! आत परिक्शा चाललीया! जा मागारी!” शेवटचा प्रश्न अर्धाच झाला होता, तेव्हा पडद्यावर एक वाजला आणि ओळ आली, ‘आपली उत्तरपत्रिका जमा झाली आहे.’

पुढे निकालात एक्कावन्न गुण मिळून ती पास झाली, पण ते सहा आठवड्यांनी. त्या घटकेला तिला फक्त एवढंच कळलं, की उत्तरपत्रिका पोचली आणि आठ वर्षं त्या तांबड्या फुलीपायी वाया गेली नाहीत. तिने सगळं रीतसर बंद केलं, उठली आणि दार उघडलं.

दगडाबाई उंबऱ्याला पाठ लावून बसली होती. काठी पायांवर आडवी, पदर डोक्यावरून तोंडापर्यंत ओढलेला. सावली केव्हाच सरकून भिंतीखाली गेली होती, ती उन्हातच होती. समोर वाटेवर नानासो दळणाची दोन पोती टेकवून उभे. त्यांना तिने पुढे येऊच दिलं नव्हतं.

“झालं?” दगडाबाईने मान न वळवता विचारलं.

“झालं, आत्ती.”

“मग आता मी आत यिऊ का, त्या बायला इचारून सांग.”

माया खाली बसली आणि तिला उठवायला तिच्या काखेत हात घातला.