शेवटच्या टेबलावरचं ॲसिड

कॉलेजात त्यांना सगळे निवळीकाका म्हणत. तीस वर्षं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बाटल्या भरायच्या, नळ्या धुवायच्या आणि चुन्याची निवळी करून ठेवायची, यातच त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरलं होतं. नवी मुलं आली की काका त्यांना निवळीत नळी बुडवून फुंकायला लावत. निवळी दुधासारखी पांढरी झाली की मुलं खूश होऊन थांबायची. "एवढ्यात दम संपला? फुंका अजून," असं काका म्हणत. मुलं गाल दुखेपर्यंत फुंकायची आणि ते दूध पुन्हा पाण्यासारखं स्वच्छ व्हायचं. आधी कार्बोनेट, मग बायकार्बोनेट, हा धडा सर फळ्यापाशी जाण्याआधीच शिकवून झालेला असे. सरांना ते फारसं आवडायचं नाही, पण सोयीचं पडायचं.

काकांचा कान तर डोळ्यांपेक्षा तयार. परीक्षानळीत ॲसिड पडल्यावर धुण्याचा सोडा कसा भडाभडा उसळतो आणि संगमरवराचे दाणे कसे दमादमानं फसफसतात, हे ते पाठमोरे उभे राहूनही सांगत. ही विद्या त्यांनी मन लावून दिली ती एकाच माणसाला, आपल्या लेकीला. ती त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि तिला पुढेही केमिस्ट्रीच शिकायची होती. प्रात्यक्षिक परीक्षेत नापास झालं की मात्र अख्खं वर्ष हातचं जायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी हायड्रोक्लोरिक ॲसिड कमी पडलं. मागणीचा कागद दोन महिन्यांपूर्वीच दिला होता, तो कारकुनाच्या टेबलावर सुखानं पडून होता. सर म्हणाले, भागवा काहीतरी. भागवा म्हणणाऱ्याचं काय जातंय? काकांनी शेवटच्या एका टेबलावर विरल सल्फ्युरिक ठेवलं. त्या टेबलावर ओळखायचा क्षार म्हणून सोडा द्यायचं ठरलं होतं आणि सोड्याला दोन्ही ॲसिडं सारखीच. संगमरवराचं तसं नाही. त्यावर सल्फ्युरिक पडलं की चार बुडबुडे येतात, मग दाण्यांवर सल्फेटचा पांढरा थर बसतो आणि आतलं कार्बोनेट ॲसिडला भेटतच नाही. हे काकांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी ते टेबल निवडलं. बाटलीवर चिठ्ठी मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं 'हायड्रोक्लोरिक' अशीच लिहिली. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना सगळीकडे एकच ॲसिड दिसायला हवं होतं.

सकाळी परीक्षक आले आणि कुणी आधी ठरवून येऊ नये म्हणून त्यांनी क्षारांच्या पुड्या आपल्या हातानं उलटसुलट केल्या. संगमरवर शेवटच्या टेबलावर गेला. तिथं काकांची लेक येऊन उभी राहिली.

मुलगी परीक्षेला बसली आहे, तेव्हा तुम्ही दारापाशीच थांबायचं, असं परीक्षकांनी त्यांना बजावलं होतं. तिथून त्यांना सगळं दिसत होतं. तिनं नळीत दाणे टाकले, ॲसिड ओतलं आणि शिकवल्याप्रमाणे नळी कानाशी नेली. मग ती उजेडात धरली. आणखी थोडं ॲसिड घातलं. तिनं एकदा बाटलीकडे पाहिलं, निवळी न वापरताच कागदावर काहीतरी लिहिलं आणि ती पुढच्या चाचणीकडे वळली. म्हणजे हे कार्बोनेट नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

काका शेजारच्या खोलीत सरांकडे धावले. सरांनी ऐकून घेतलं आणि आधी दार लोटून घेतलं. आत्ता बोललात तर बाप लेकीला उत्तर सांगतोय असं होईल, ते म्हणाले. आणि चिठ्ठी खोटी होती हे निघालं तर चाळीस मुलांची परीक्षा रद्द, वर तुमची नोकरी जाणार. सर खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काका परत दारापाशी जाऊन उभे राहिले आणि परीक्षा संपेपर्यंत तिथंच उभे होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

संध्याकाळी घरी आल्या आल्या लेकीनं सांगून टाकलं की क्षार ओळखता आला नाही, नापासच होणार.

"चार बुडबुडे आले होते, बाबा," ती म्हणाली. "सल्फ्युरिक असतं तर मी डोळे मिटून संगमरवर लिहिलं असतं. पण बाटलीवर हायड्रोक्लोरिक होतं आणि अक्षर तुमचं होतं."

काकांनी मग तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. लाजेनं त्यांना वर बघवेना. तिनं आदळआपट केली असती, दोन शब्द सुनावले असते, तर त्यांनी ते आनंदानं ऐकून घेतलं असतं. तिनं एवढंच विचारलं, सरांना माहीत आहे का? काकांनी होकारार्थी मान हलवली.

"मग आता कुणाजवळ बोलू नका," ती म्हणाली. "तुमच्या नोकरीची दोनच वर्षं राहिलीत. मी पुढच्या वर्षी परत बसेन."

काकांना नाही म्हणायचं होतं. सकाळी उठून परीक्षकांकडे जातो, होईल ते होऊ दे, असं म्हणायचं होतं. ती त्यांच्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.

"बरं," काका म्हणाले.