वत्सलाबाईंचा आवाज ऑनलाइन दुकानात

गाणी ऑनलाइन दुकानात, म्हणजे मोबाइलवरच्या गाण्यांच्या ॲपवर, ठेवायला आम्ही निघालो आणि गाण्यांआधी किस्सेच जमले. चौघी भेटलो की तेच निघतात.

आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरातल्या. बुद्धविहारात गातो, भीमजयंतीत गातो. मुख्य आवाज वत्सलाबाईंचा. डॉक्टरांनी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन सांगितलं. आवाज राहील याची खात्री दिली नाही. आपली गाणी सगळीकडे ऐकू यावीत, एवढंच तेव्हा त्यांनी मागितलं. दुकानं आपल्याकडून थेट गाणी घेत नाहीत. मधली एक कंपनी घेते आणि पोचवते. ते काम मी मोबाइलवर शिकले.

*

गाण्याच्या कव्हरचं चित्र म्हणून मी आमच्या कार्यक्रमाचं बॅनरच पाठवलं. परत आलं. कव्हरवर फोन नंबर चालत नाही म्हणे.

वत्सलाबाई म्हणाल्या, "नंबर नसन तं आपल्याले बोलावन कोन?"

कंपनीच्या मदतीच्या पानावर याचं उत्तर सापडलं नाही.

*

गायिकेचं नाव मी नुसतं 'वत्सला' लिहिलं. पहिलं गाणं दुसऱ्याच वत्सलाच्या पानावर जाऊन बसलं. फोटोत केस कापलेली, गिटार घेतलेली मुलगी.

बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. "माय, लयच बदलली मी!"

कंपनीला लिहून गाणं तिथून काढलं, पूर्ण नाव टाकलं.

*

गाण्याचा प्रकार निवडायचा होता. मी 'भक्तिगीत'वर बोट नेलं. बाईंनी माझा हात धरला.

"हे देवाचं गानं नोहे, बाई. मानसाच्या हक्काचं हाये."

'लोकसंगीत' टाकलं.

*

शेवटचं गाणं अमरावतीच्या एका कार्यक्रमातलं. पहिलं कडवं झालं की ढोलकी थांबवून लोकांना एकच प्रश्न विचारायचा, ही बाईंची सवय. उत्तर आल्याशिवाय पुढे गायच्या नाहीत. रेकॉर्डिंग साफ करणारा स्टुडिओवाला म्हणाला, मधलं बोलणं कापतो, गाणं सलग होईल. बाई म्हणाल्या, राहू दे.

ऑपरेशन झालं. आवाज गेला.

गाणं दुकानात लागलं त्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी जमलो. मोबाइल मधोमध ठेवला. बाई भिंतीला टेकून बसल्या. त्यांचे यजमान, शेषरावभाऊ, आमच्या कार्यक्रमाला कधीच आले नव्हते. ते सगळ्यांच्या मागे, दाराशी उभे होते.

कडवं संपलं. ढोलकी थांबली. बाईंचा आवाज आला, "मांगं आयकू येते का?"

लोकांचं उत्तर माइकपासून दूर राहिलेलं. रेकॉर्डिंगमध्ये ते नव्हतंच.

"येते," दारातून शेषरावभाऊ म्हणाले.

पुढचं कडवं सुरू झालं.