झडतीमावशीचा डावा कान

माझ्या मावशीला सगळे 'झडती' म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. तयार कपड्यांच्या कारखान्यात, काम सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या बायकांची झडती घेणं हे तिचं काम. फाटकाशेजारी पडदा लावलेली अरुंद खोली, त्यात एक टेबल, एक स्टूल आणि मावशी. एकेक बाई आत येई, पिशवी टेबलावर ठेवी, हात वर करी. मावशीची बोटं कॉलरखालून, कमरेवरून, पिशवीच्या अस्तरातून फिरत. बटणांची पुडी, दोऱ्याचं रीळ, पोटाला गुंडाळलेलं कापड, आपल्या हातून कधी काही सुटलं नाही असं ती छातीठोकपणे सांगे. सुटलेलं तुला कळणार कसं, असं मी एकदा विचारलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी आपोआप माझे खिसे चाचपले.

तिचा खरा भरवसा बोटांपेक्षा डोळ्यांवर होता. "जिच्याकडे काही नसतं ना, ती कंटाळून हात वर करते," ती म्हणायची. "जिच्याकडे असतं, तिचे हात मी सांगायच्या आधीच वर."

हा नियम तिनं कारखान्यापुरता ठेवला असता तर आम्हा सगळ्यांचं आयुष्य सोपं झालं असतं. पण दूधवाला हसला की मावशी दुधात बोट बुडवून बघणार. मी परीक्षेत पहिली आले तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "शेजारी कोण बसलं होतं?" चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसे. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात, म्हणे. मंडळी एका सुरात पापांची कबुली देऊ लागली की मावशी ओठ घट्ट मिटून बघत राही. मी कोपरानं ढोसलं तर कुजबुजे, "सगळे मिळून ओरडतात आणि कोणीच काही सांगत नाही. आजवर एकानं तरी केलेली गोष्ट उघड सांगितली का?"

स्वर्गाविषयी ती बेताबेतानंच बोलायची. नरकावर मात्र तिचा गाढ विश्वास. मला ते सगळं पोरांना घाबरवायला रचलेलं वाटायचं आणि मी तसं तोंडावर बोलायचे. मग ती उसळायची. "मग ज्यांची झडती इथं झालीच नाही, त्यांचं काय? ते तसेच फाटकाबाहेर?"

ते 'ते' म्हणजे कोण, हे मला काका परत आल्यावर समजलं.

काका म्हणजे मावशीचा नवरा. एके काळी चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख, आवाज असा की लोक प्रवचनाला उशिरा येत पण गाण्याला वेळेवर. त्यांना सगळे 'गोडगळा' म्हणत. मी लहान असतानाच ते मावशीला सोडून दुसऱ्या गावी गेले आणि तिथं दुसरं घर केलं. आता फुप्फुसं पार निकामी झाल्यावर त्या घरानं हात वर केले, आणि स्वारी एक पिशवी घेऊन मावशीच्या दारात हजर. मावशीनं आधी पिशवी तपासली. मग त्यांना आत घेतलं.

सगळी मंडळी तिचं तोंड भरून कौतुक करत होती. आईला तर गहिवरून आलं. मला मात्र संशय आला. माणसांवर दया करणं हा मावशीचा स्वभाव नव्हता. शिवाय तिनं खाट अशी लावली होती की खुर्चीवर बसलं की तिचा डावा कान त्यांच्याकडे यावा. आणि डाव्या कानानं तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

तो कान कसा गेला, ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ती जिन्यावरून पडली. त्यावरून आई तिची कायम चेष्टा करायची. कुठं एक पायरी दिसली की आईचं ठरलेलं, "ताई, पायाखाली बघ हं." मावशी तोंड वाकडं करायची आणि आम्ही सगळे हसायचो.

काका आल्यावर मी एका दुपारी न राहवून विचारलं, "या माणसाला घरात का घेतलंस?" मावशी चादरीची घडी घालत होती. घडी पुरी झाल्यावर म्हणाली, "मी पडले नव्हते."

मला आधी कळेचना.

"गाण्यांच्या पुस्तकानं मारलं. जाड होतं ते, पुठ्ठ्याचं. सराव संपवून आले होते, मी जेवायला वाढायला उशीर केला." तिनं दुसरी चादर उचलली. "दवाखान्यात यांनीच सांगितलं, जिन्यावरून पडली म्हणून. शेजारीच उभे होते. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नुसती मान डोलावली. मग चर्चमध्ये ज्याला त्याला तेच सांगत फिरले. सांगताना डोळ्यांत पाणी."

"आणि आई? आईला तरी सांगायचंस!"

"तुझ्या आईला? ती त्यांच्या गाण्यावर जीव टाकायची. म्हणाली असती, ताई, तुझा काहीतरी गैरसमज झाला असेल." मावशी हसली, पण ते हसणं मला बघवेना. "मला एवढंच हवंय. मरायच्या आधी त्यांनी हे चार माणसांत बोलावं. मग जाऊ देत कुठं जायचं तिकडे."

माझं डोकं सणकलं होतं. खाट त्या माणसासकट रस्त्यावर नेऊन ठेवावी असं वाटलं. पण हे कोणाला सांगणार नाही, असं मावशीनं माझ्याकडून वदवून घेतलं. "मी सांगितलं तर ती माझी तक्रार होईल," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडून यायला हवं."

आणि काकांच्या तोंडून तर सतत काही ना काही येतच होतं. पश्चात्तापाचा नुसता पूर. चर्चचे पाळकसाहेब दार उघडून आत आले रे आले की काका उशीवरून अर्धे उठत आणि दोन्ही हात वर करत. "मी पापी आहे, महापापी आहे! नरकाच्या दारात उभा आहे!" पाळक भले गृहस्थ, त्यांचे डोळे भरून येत. मावशी कोपऱ्यातून बघत असे.

"हात फार लवकर वर केले," ती मला म्हणाली.

एकदा पाळक निघाले तेव्हा तिनं त्यांना जिन्यातच अडवलं. मी मागे उभी होते.

"पाळकसाहेब, यांना क्षमा मिळाली का?"

"मनापासून मागितली तर शेवटच्या श्वासालाही मिळते."

"मनापासून आहे, हे कोण बघणार?"

"देव बघतो."

"बरं. म्हणजे हे वर जाणार, मीही कधीतरी जाईन, आणि मला यांच्याच शेजारी बसवणार?"

पाळक बिचारे हसून म्हणाले, "तिथं तुमचा कानसुद्धा बरा होईल."

"म्हणजे पुन्हा यांचंच गाणं ऐकायचं!" मावशी म्हणाली. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "मग नरक ठेवलाय कशाला? इतकी मोठी जागा, आणि जो तो शेवटी रडून सुटणार?"

पाळकांनी तिला टाळलं नाही, हे मात्र खरं. ते पायरीवर टेकले. नरक म्हणजे देवानं हौसेनं पेटवलेली भट्टी नव्हे, म्हणाले. पापानं माणूस देवापासून तुटतो, आणि तसाच तुटलेला राहायचा हट्ट त्यानं मरेपर्यंत धरला, तर देव तो हट्ट मोडत नाही. त्या तुटलेपणालाच नरक म्हणायचं. मावशीनं सगळं ऐकून घेतलं, अर्थात उजव्या कानानं. "आग नाही म्हणता," ती म्हणाली. "एवढं त्यांना नका सांगू."

मग काकांचा श्वास फारच लागायला लागला, आणि त्यांनी प्रभुभोजन घरीच मागितलं. ठरल्या दुपारी पाळक आले. आई आली, मी होते. पाळकांनी टेबलावर पांढरं कापड पसरलं, भाकर आणि पेला मांडला. नेहमीच्या रीतीप्रमाणे ते म्हणाले, "कोणाच्या मनात कोणाविषयी काही असेल, तर या मेजाशी येण्याआधी ते मिटवावं." हे वाक्य चर्चमध्ये दरवेळी म्हणतात. दरवेळी सगळे खाली मान घालतात आणि विधी पुढे सरकतो. पाळकांनी पान उलटलंसुद्धा.

"माझ्या मनात आहे," मावशी म्हणाली.

पाळकांचा हात पानावरच राहिला. काकांनी लगेच हात वर केले. "मला क्षमा कर! मी तुझे अनंत अपराध केले!"

"अनंत नकोत," मावशी म्हणाली. "एक काढून दाखवा."

"तुला सोडून गेलो..."

"ते सगळ्या गावानं पाहिलंय. न पाहिलेलं काढा."

"ताई, अगं त्यांना दम लागतोय," आई कळवळून म्हणाली. मी आईचं मनगट धरलं. काका पाळकांकडे बघू लागले. पाळकांनी पेल्यावर हात ठेवला होता, आणि पेला पुढे करत नव्हते.

"तू पडलीस, तेव्हा मी..." काकांनी सुरुवात केली.

"मी पडले?"

काकांचे वर केलेले हात हळूहळू खाली आले आणि पांघरुणावर पडले. पहिल्यांदाच ते हात मला खरे वाटले. म्हातारे आणि दमलेले.

"पडली नव्हती," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की आई पुढे वाकली. "मी मारलं. कानावर. जिना मीच रचून सांगितला. सगळ्यांना. तिला खोटं बोलायला लावलं." थोडा दम घेऊन ते म्हणाले, "मला भीती वाटते."

आई मटकन खाली बसली. तिनं पदर तोंडात धरला होता आणि ती मावशीकडे नाही, मावशीच्या पावलांकडे बघत होती. मावशी मात्र बराच वेळ नवऱ्याकडे रोखून बघत राहिली, बाईची पिशवी रिकामी झाल्यावरही अस्तर चाचपून बघावं तशी. मग पाळकांना म्हणाली, "द्या त्यांना." पेला तिनंच त्यांच्या ओठांना लावला.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "खरं वाटलं तुला?"

"भीतीनं बोलले."

"मग उपयोग काय?"

"त्यासाठीच असेल नरक. भीतीनं का होईना, माणसानं जिवंतपणी एकदा खरं बोलावं म्हणून."

"म्हणजे माफ केलंस?"

"बघू," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा खुर्ची खाटेच्या पलीकडे होती. काका काहीतरी पुटपुटत होते, आणि मावशीचा उजवा कान त्यांच्याकडे होता.

त्याच आठवड्यात ते गेले. दफन झाल्यावर आम्ही दफनभूमीच्या उतारावरून खाली येत होतो. पायऱ्या झिजलेल्या, वरून ओल्या. सवयीनं आईच्या तोंडून निघून गेलं, "ताई, पायाखा..." आणि तिनं शब्द तिथंच तोडला. ती पायरीवर उभी राहून रडू लागली. इतकी वर्षं आपण कशाला हसत आलो, ते तिला एकदम दिसलं असावं. मलाही दिसलं, आणि मी दुसरीकडे बघितलं.

मावशी दोन पायऱ्या खाली उतरली होती. ती परत वर आली आणि आईपुढे हात केला.

"म्हण की," ती म्हणाली. "आता खरंच पडेन मी. म्हातारी झालेय."