नाही म्हणायचा सराव

मला ‘नाही’ म्हणता येत नाही, हे माझ्या अकरा वर्षांच्या मुलीनं, रेवानं, मला एक जानेवारीच्या सकाळी लेखी कळवलं.

त्याचं असं आहे, की दर नवीन वर्षाला मी संकल्पांची यादी करून फ्रिजवर लावतो. ऑफिसात मी प्रोग्रॅम मॅनेजर आहे, त्यामुळे याद्या करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. गेल्या वर्षीच्या यादीत सतरा कलमं होती. हाफ मॅरेथॉन, रोज बारा सूर्यनमस्कार, स्पॅनिश, बेसमेंट आवरणं. डिसेंबरपर्यंत त्यातलं एकही पार पडलं नाही. (बेसमेंट आवरायला एकदा उतरलो होतो. जुना कॅरम सापडला, तो घेऊन वर आलो.) या वर्षी मी पेनाचं टोपण काढलं, तोच बायकोनं, म्हणजे मीनलनं, पेन हातातून काढून घेतलं. म्हणाली, या वेळी एकच लिहायचं आणि जमण्यासारखं लिहायचं. आणि ते रेवा ठरवणार.

रेवाला ठरवायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. तिनं पिवळ्या चिठ्ठीवर इंग्रजीत दोन ओळी खरडल्या, चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली आणि सिरियल खायला बसली. चिठ्ठीत लिहिलं होतं, की बाबानं या वर्षी एकदा तरी लोकांना नाही म्हणावं आणि माझी रेस बघावी.

चिठ्ठीत खोटं काहीच नव्हतं. रेवा शाळेच्या पलीकडच्या क्लबात पोहते. गेल्या सीझनला तिच्या पाच स्पर्धा झाल्या आणि पाचही वेळा मी मंडळाच्या कामावर होतो. आमच्या भागात मराठी माणसांचं एक छोटंसं मंडळ आहे. तिथे कोणी नुसतं “प्रशांत, जरा बघशील का?” म्हटलं, की माझ्या तोंडून “हो हो, बघतो की” निघून जातं आणि मग मी विचारतो, काय बघायचंय. गणपतीची मूर्ती विमानतळावरून आणणं, दिवाळीची टेबलं, पाहुण्या गायिकेला लागणारं कोमट पाणी, सगळं मी बघितलं. रेवा कधी रडली नाही, चिडलीही नाही. तिनं फक्त मला स्पर्धेच्या तारखा सांगणं बंद केलं. ते मला लागलं. खोटं कशाला सांगू, फार लागलं.

तर ठरलं. जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारी सकाळी रेवाची स्पर्धा होती आणि ती मी बघणार होतो. त्याच शनिवारी दुपारी मंडळाची संक्रांत होती. (असणारच! माझ्या नशिबात या दोन गोष्टी कधी वेगवेगळ्या दिवशी आल्यात?) त्या संक्रांतीची मीटिंग पहिल्या रविवारी देवधर काकांकडे होती. काका म्हणजे मंडळाचे अकरा वर्षांचे अध्यक्ष. रिटायर्ड इंजिनियर, इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये, तीस हिवाळे काढलेले, तब्येतीनं ठणठणीत.

जाताना गाडीत मीनलनं माझा सराव घेतला. प्रत्येक सिग्नलला ती काका व्हायची.

“प्रशांत, हॉलचं तूच बघ.”

“नाही.”

“छान. पण म्हणताना हसू नकोस.”

सहा सिग्नल झाले. सहाव्याला माझं ‘नाही’ इतकं कडक आलं, की मीनलच दचकली. मी अगदी तयारीनं काकांच्या घरी बूट काढले.

चहा झाला, काकांनी वही उघडली आणि म्हणाले, “प्रशांत, हॉल तुझ्याकडे.” मी म्हणालो, “नाही काका, या वेळी नाही जमणार.” न हसता म्हणालो. काका मात्र हसले आणि त्यांनी हॉलपुढे माझं नाव लिहिलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे पहिलं ‘नाही’ हे ‘नाही’ धरतच नाहीत! पानात पोळी वाढायला आलं की आपण आडवा हात धरतो, आणि वाढणारीही तो हात बाजूला सारून पोळी वाढतेच. आडवा हात धरला नाही तर माणूस हावरा दिसतो, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून मी दुसऱ्यांदा नाही म्हणालो. त्यावर देवधर काकू कौतुकानं म्हणाल्या, अरे, लाजतोस काय एवढा. मी तिसऱ्यांदा नाही म्हणालो. आता मात्र काकांनी पेन खाली ठेवलं आणि आवाज उतरवून विचारलं, “तुला कोणी काही बोललं का?”

मी रुसलोय, असं सगळ्यांनी पक्कं धरलं. का रुसलोय यावर चर्चा सुरू झाली. कोणाला तरी आठवलं, की दिवाळीच्या आभारप्रदर्शनात माझं नाव राहून गेलं होतं. (मला हे माहीतसुद्धा नव्हतं. मी तेव्हा पार्किंगमध्ये लोकांच्या गाड्या बर्फातून ढकलत होतो.) लगेच ठराव झाला, की चूक आत्ताच्या आत्ता सुधारायची. काका उभे राहिले, दोन मिनिटं माझे आभार मानले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीनल कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

इथे गप्प बसलो असतो तरी हॉलवर निभावलं असतं. पण मी पडलो प्रोग्रॅम मॅनेजर! मी म्हणालो, रुसलो वगैरे नाही हो, काम किती असतं ते बघा, मग तुम्हीच म्हणाल की हे एका माणसाचं नव्हे. आणि मी लॅपटॉप उघडून काकांच्या टीव्हीला जोडला. त्यात माझी यादी होती. चाव्या कोणाकडून आणायच्या. कॉफीचं मोठं भांडं डाव्या भिंतीच्या प्लगला लावलं तर अर्ध्या हॉलची वीज जाते. तिळगुळाच्या डब्यांवर शेंगदाण्याची चिठ्ठी हवी, कारण तीन मुलांना ॲलर्जी आहे. माइकचे जादा सेल. हळदीकुंकवाच्या वाणाच्या पिशव्या आणि बुटांचा ढीग यांत किमान दहा फूट अंतर. अशा एकूण त्रेचाळीस ओळी मी वाचल्या, रंगांसकट समजावून सांगितल्या. हे सगळं बघून लोक घाबरतील आणि कामं वाटून घेतील, असा माझा हिशोब होता.

वाचून झाल्यावर काकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “अकरा वर्षं अध्यक्ष आहे मी. मला यातलं निम्मंसुद्धा ठाऊक नव्हतं. आता मी निवांत उतरतो.” आणि त्यांनी पुढच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवलं. अनुमोदनाला इतके हात वर गेले, की मोजायचं कारणच उरलं नाही. मी जिवाच्या आकांतानं नाही म्हणायला तोंड उघडलं. त्या उघड्या तोंडात काकूंनी तिळाचा लाडू घातला. अख्खा! काकूंचा लाडू चांगला सुपारीसारखा कडक असतो. तो फुटेपर्यंत ठराव मंजूर होऊन मीटिंग संपली होती.

परतताना पहिल्याच सिग्नलला मीनलनं विचारलं,

“हॉल नको म्हणायला गेला होतास ना?”

“हो.”

“आणि अख्खं मंडळ घेऊन आलास.”

घरी रेवाला मीच सांगितलं. हॉल बाराला उघडायचा, अध्यक्षानं अकरापासून धावपळ करायची, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “इट्स ओके, बाबा.” आणि गृहपाठाला गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मीनलनं माझं तोंड बघितलं, फोन उचलला आणि स्पीकरवर टाकून काकांना सांगितलं, “काका, शनिवारी दोन वाजेपर्यंत प्रशांत रेवाच्या स्पर्धेला असेल. तोवरचं तुम्ही बघा.” काका म्हणाले, “बरं.” संपलं! माझ्या त्रेचाळीस ओळींचं काम तिनं एका वाक्यात केलं.

शनिवारी बाहेर बोटं गोठवणारी थंडी आणि तलावाच्या इमारतीत मे महिन्यासारखा उकाडा. मी पहिल्या रांगेत बसलो. फोन मुद्दाम गाडीत ठेवला होता. रेवानं टोपी घालता घालता प्रेक्षकांकडे सहज मान वळवली, मी दिसलो आणि ती तिथल्या तिथे उडी मारून हसली. माझे डोळे भरून आले. (क्लोरीन होतं, पण सगळंच क्लोरीन नव्हतं.)

तेवढ्यात तिची कोच गळ्यात घड्याळांचा जुडगा अडकवून आमच्यापुढे आली. वेळ मोजायला एक माणूस कमी आहे, कोणी पालक येईल का, असं तिनं विचारलं. इथल्या पालकांची नाही म्हणायची रीत वेगळी असते. सगळे एका क्षणात फोनमध्ये शिरले. माझा फोन गाडीत! बघायला दुसरं काहीच नाही म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती हसली. आणि माझ्या तोंडानं मला न विचारता सांगितलं, “शुअर, नो प्रॉब्लेम.”

मला सहा नंबरची लेन मिळाली. रेवा दोनमध्ये होती. मला वाटलं, एक डोळा इकडे, एक तिकडे, जमेल. पण वेळ मोजणाऱ्यानं आपल्या लेनच्या भिंतीवरून नजर हलवायची नसते, कारण हात टेकताक्षणी घड्याळ दाबायचं असतं. रेवाची पहिली शर्यत, बटरफ्लाय प्रकारची, सुटली. शेजारी कुठेतरी आरडाओरडा वाढत होता. मी ओणवा होऊन सहा नंबरच्या फरशीकडे बघत होतो. त्या अनोळखी मुलीची वेळ मी अगदी अचूक टिपली. मान वर केली तेव्हा रेवा पाण्याबाहेर होती आणि मैत्रिणी तिला मिठ्या मारत होत्या.

ती ओल्या पायांनी धावत आली. “बाबा, डिड यू सी?”

हो म्हणायची इतक्या वर्षांची सवय जिभेवर तयार होती. पण मला ते म्हणवेना. मी सांगितलं, नाही गं, बघायला नाही मिळालं. तिनं माझ्या गळ्यातलं घड्याळ बघितलं, मग सहा नंबरची पाटी, आणि तिला सगळं कळलं. तेवढ्यात कोच आली, माझ्या कामाची तारीफ केली आणि विचारलं, बाकीच्या शर्यतींनाही थांबाल ना. मी तोंड उघडायच्या आत रेवानं माझ्या गळ्यातलं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं.

“नो. ही कान्ट.”

कोच म्हणाली, ओके, आणि दुसऱ्याला शोधायला गेली.

रेवानं मला हाताला धरून परत पहिल्या रांगेत बसवलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायला लावले, म्हणजे चुकून वर जायला नकोत. तिच्या पुढच्या, फ्रीस्टाइलच्या शर्यतीपर्यंत मी चाळीस मिनिटं तसाच बसलो. तिचा प्रत्येक हात, प्रत्येक वळण मी डोळे भरून पाहिलं. रेवा दुसरी आली, सगळे उभे राहिले, मीही हात बाहेर काढले, तर दोन्ही हातांना सणसणून मुंग्या! आता घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते, की शेवटी एकदाचा बाबा माझी रेस बघायला आला, पण टाळ्या न वाजवणारा तो एकटाच होता.