एस वर की खाली

हौसेराव जाधवांनी तुर्भ्याच्या बाजारात सव्वीस वर्षं गोण्या वाहिल्या. कंबरेनं दगा दिला तेव्हा ते नेरूळच्या एका लहानशा छापखान्यात बाइंडिंगच्या कामाला लागले. शाळा सातवीपर्यंतच, तीही साताऱ्याकडच्या खेड्यात. पण गोण्यांवरची इंग्रजी अक्षरं जुळवून वाचायची सवय जडली होती, ती सुटली नाही. जेवणाच्या सुट्टीत ते छापखान्यातली जाडजूड इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेऊन बसत.

गेल्या जानेवारीत एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची इंग्रजी पत्रिका छापायला आली. मजकूर लावणाऱ्या प्राचीला एका ओळीच्या शेवटी ‘प्रेझेंट’ (present) हा शब्द मावेना. तिनं तो तोडला. एस या अक्षरापर्यंतचा भाग वरच राहिला, पुढे आडवी रेघ आली आणि उरलेला शब्द खालच्या ओळीत गेला. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या नंदिनीबाईंनी प्रूफवर लाल गोल काढला: एस खाली हवा. प्राचीनं डिक्शनरी पाहिली. शब्द जिथे तोडायचा तिथे टिंब असतं. ते एसच्या पुढेच होतं. तिनं बाईंना फोन करून सांगितलं. मी कायम तसंच शिकवत आले, बाई म्हणाल्या, पण कारण सांगता येणार नाही. डिक्शनरीत असेल तर राहू दे.

प्राची मशीनवाल्याला छापायला हो म्हणणार, इतक्यात हौसेरावांनी डिक्शनरी मागून घेतली. ओळीवर बोट ठेवून ते सावकाश वाचत गेले. हजर. भेटवस्तू. मग बोट थांबलं. खाली तोच शब्द पुन्हा छापला होता, अर्थ होता ‘सादर करणे’. आणि इथे टिंब एसच्या आधी होतं.

“प्राचीताई, हितं पोरं हजर हायती, का काय करून दाखवनार हायती?”

प्राचीनं प्रूफ वाचलं. मुलं नाटिका सादर करणार होती. तिनं एस खाली ढकलला.

पत्रिका न्यायला बाई स्वतः आल्या आणि हे कुणी शोधलं ते विचारलं. मग त्यांनी हौसेरावांना दोन्ही शब्द म्हणून दाखवले: हजर असेल तर जोर शब्दाच्या पहिल्या अर्ध्यावर, ‘प्रेझेंट’, सादर करायचं तर दुसऱ्यावर, ‘प्रिझेंट’. जोर सरकला की एसही सरकतो. हे मला आजच कळलं, असंही त्यांनी सांगून टाकलं.

हौसेराव डिक्शनरी कोपरखैरण्याला घरी घेऊन गेले आणि ‘ए’ पासून ओळीनं वाचू लागले. चौथ्या दिवशी त्यांनी प्राचीला आणखी एक जोडी दाखवली, ‘डेझर्ट’ आणि ‘डिझर्ट’. स्पेलिंग एकच, एस वर राहिला तर वाळवंट, खाली गेला तर सोडून जाणं. प्राचीला ती ठाऊक नव्हती.

“आजून असतील,” हौसेराव म्हणाले. “आता कुठं डी चाललाय.”