कातारीमामांचं माप

"लिहून दाखवा," एवढंच ते म्हणत. टाक घ्यायला शाळेचे मास्तर येवोत की एखादा देशमुख, कातारीमामा त्याच्यापुढे कागद सरकवत आणि त्याच्या बोटांकडे बघत बसत. कागदाकडे ढुंकूनही बघत नसत. त्यांना अक्षरओळख नव्हतीच. पण माणूस टाक कुठं धरतो, कुठं दाबतो, हे त्यांना अचूक कळे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

रेझरची मूठ हवी असली तर फजिती जास्त. "दाढी करून दाखवा." हैदराबादेहून नवा रेझर आणलेले एक वकीलसाहेब गंगाखेडच्या भर बाजारात रिकाम्या मुठीनं गाल खरवडत उभे असलेले मी पाहिलेत. हात हनुवटीखाली वळला तसे मामा म्हणाले, "थांबा. हितं मनगट मुडपायलंय. मूठ आखूड पायजे." वकीलसाहेब कोर्टातही इतके आज्ञाधारक नसत.

त्यांचा लाकूड कातायचा खराद जमिनीलगत मांडलेला होता. उजव्या हातानं कमान ओढायची, डाव्या हातात पटाशी, आणि पटाशीला टेकू पायाच्या अंगठ्याचा. शिसवीचा तुकडा गरगर फिरू लागला की मामांच्या मिशा भुशानं माखत. बोलायचं तर कमान थांबवावी लागे, म्हणून ते फार कमी बोलत.

मी तहसील कचेरीत कारकून. राणीसावरगावहून येताना छकडा कलंडला आणि माझा उजवा अंगठा जोखडाखाली चेंगरला. जखम भरली, पण अंगठा वळेना. टाक बोटांतून निसटायचा. तहसीलदारसाहेब भला माणूस, तरी त्यांनी स्पष्टच सांगितलं, महिनाअखेर लिहिता आलं नाही तर दुसरा माणूस घ्यावा लागेल. घरात कमावता मी एकटा. मी पुरता घाबरून गेलो होतो.

मामांनी कागद सरकवला. मी मराठीत चार ओळी कशाबशा खरडल्या. दोन दिवसांत त्यांनी जाडजूड टाक दिला, अंगठा टेकायला एका बाजूला खोलगट खाच. घरी पत्र लिहून पाहिलं, अक्षर सुरेख आलं. दुसऱ्या दिवशी ऐटीत कचेरीत गेलो आणि पहिल्याच ओळीला टाक घसरला. निजामाचं राज्य, कचेरीचं सगळं काम उर्दूत. उजवीकडून डावीकडे लिहिताना हात वेगळा वळतो, अंगठा खाचेबाहेर पडतो. रोज दोन्ही लिहिणाऱ्या मलाही हे सुचलं नव्हतं.

मामांना जाऊन सांगितलं, तर त्यांनी हातातली कमान खाली ठेवली.

"मला काय म्हाईत मुन्शीजी, येका माणसाला लिहायचे दोन हात असत्यात," म्हणाले, आणि चक्क दुकानाला कुलूप लावून कचेरीत आले. दुपारभर माझ्या मेजाशेजारी उकिडवे बसून हात बघत राहिले. चपराशानं हटकलं, "काय काम हाय तुमचं हितं?"

"माप घ्यायलोय," मामा मान वर न करता म्हणाले.

दुसरा टाक हाती आला तेव्हा महिना संपायला तीन दिवस उरले होते. साहेबांनी मी उतरवलेली नक्कल पाहिली, मान डोलावली आणि पुढचा कागद माझ्याकडे सरकवला. नोकरी राहिली.

मामा पुढच्याच उन्हाळ्यात गेले. त्यांच्या जागेवर आता बांगड्यांचं दुकान आहे. तिथून जाताना मला आठवतो, मी पेढे घेऊन गेलो तो दिवस. त्यांनी पेढा बाजूला ठेवला. अक्षर कसं आलं, साहेब काय म्हणाले, काहीच विचारलं नाही. भुशानं भरलेल्या दोन्ही हातांत माझा अंगठा धरला आणि हळूच दाबून पाहिला.

"दुखायलंय का आजून?"

महिनाभर जो तो मला लिहिता येतं का, एवढंच विचारत होता. मी "हो, दुखतंय" म्हणालो, आणि भर बाजारात मला रडू आलं.