शेठचं ऊन

माझं तोंड सुटलं की गावातली कुत्रीपण गप बसतात, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत. पण पुतळीवैनीपुढं माझी बोलती बंद. ती माझी थोरली जाऊ. पेणजवळ जोहे गावात आमचा गणपतीचा कारखाना हाय आणि सगळ्या मूर्तींचे डोळे ती एकटी आखते. ब्रश टेकवताना श्वास धरते, बुबुळ बसलं की सोडते.

तिला मूलबाळ नाय. तिचा नवरा, आमचे दत्ताभावजी, मूर्तींचा टेम्पो चालवायचे. एकदा पेणवरनं येताना दुकानातनं कासवाचं पिल्लू घेऊन आले. कानापाशी लाल पट्टा, तळहातावर मावेल एवढं. काम ना धाम, नुसतं खाऊन पडायचं, म्हणून त्याचं नाव ठेवलं शेठ. पुढं भावजी छातीत कळ येऊन अचानक गेले. शेठ राहिला. वैनी त्याच्याशी दिवसभर बोलायची. मी म्हणायची, "त्यापेक्षा देवळातलं दगडाचं कासव बरं गो, सुकट तरी मागत नाय." ती हसायची, आणि हसली की मला बरं वाटायचं.

यंदा श्रावणात शेठनं खाणं टाकलं. त्याची काचेची पेटी कारखान्यातच, खिडकीपाशी. पावसात शाडू वाळत नाय म्हणून आम्ही मूर्तींना हॅलोजन लावतो, तसाच एक त्याच्यावर पण लावलेला. ही अक्कल माझीच. "एवढाले गणपती सुकतात, मग याला काय धाड भरलीय?" असं मीच म्हणाले होते. पण त्याची पाठ हाताला मऊ लागायला लागली, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. डोळे सुजून मिटले. वैनीनं ब्रश खाली ठेवला. म्हणाली, "याचे डोळे उघडत नायत, सरू. मी दुसऱ्यांचे काय उघडू?"

आणि तिनं पण जेवण टाकलं. चहात पाव बुडवायची, तोही अर्धा टाकायची. भावजी गेले तेव्हा असंच केलं होतं तिनं, पार सलाईनपर्यंत गेलेली. मला भीती वाटायला लागली. कासवाची नाय, तिची.

आमचे हे, रघू, कारखान्याचे मालक. सणाच्या तोंडावर आखणी थांबलेली, म्हणून करवादले, "खाडीत सोडून द्या ते." मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते रंग ढवळायला निघून गेले. मग वैनीला मिनीडोअर रिक्षात बसवलं, तिच्या मांडीवर बादली, बादलीत शेठ, आणि पेणला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो.

बाईंनी त्याची पाठ दाबून बघितली. "ऊन कुठून मिळतं याला?"

"खिडकी हाय की. वर हॅलोजन पण हाय," मी ठणकावून सांगितलं.

"हॅलोजननं ऊब मिळते, पण तेवढ्यानं भागत नाही. उन्हात अल्ट्राव्हायोलेट किरण असतात. ते अंगावर पडले तरच खाल्लेलं कॅल्शियम कवचाला लागतं. खिडकीच्या काचेतून ते येत नाहीत. घरात ठेवायचं तर त्यासाठीची वेगळी ट्यूब लावा, मधे काच नको. आणि उघडं ऊन मिळालं तर सोडू नका, फक्त अर्धी सावली ठेवा. नुसत्या सुकटीवर पण ठेवू नका. आणि खाडीत मुळीच सोडायचं नाही, हे इथलं कासव नाही." डोळ्यांत घालायला थेंब दिले.

येताना मला माझीच लाज वाटली. अगो, न्हाऊ घातलेल्या पोराला आपण अंगणात कोवळं ऊन दाखवतो, खिडकीआड नाय ठेवत. हे मला कळू नये?

ट्यूब पनवेलवरनं मागवली. वैनी थेंब घालायची, हिरवा पाला त्याच्या तोंडापुढं धरायची. दिवस गेले, पण शेठ ढिम्म. वैनीचे गाल बसले. पाऊस तर असा लागलेला की सूर्यानं जोह्याचा रस्ता टाकलाच जणू.

मग एका सकाळी फटकन ऊन पडलं. अशा वेळी कारखान्यात एकच पळापळ असते, आधी मूर्ती बाहेर! माणसं ओल्या मूर्ती घेऊन अंगणात धावली. त्यांच्या मधनं वैनी घमेल्यात शेठला घेऊन आली आणि त्याच्या अर्ध्या अंगावर सूप धरून बसली. तेवढ्यात ह्यांनी नेमका तिच्यापुढं मोठा गणपती आणून ठेवला. सगळी सावली घमेल्यावर.

"उचला तो!" मी ओरडले.

"अगो, मंडळाचा हाय! उद्या रंगाला घ्यायचाय!"

"गणपतीला हॅलोजन चालतो, याला नाय चालत! उचला म्हणते ना!"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग वैनीच्या बसलेल्या गालांकडं. दोघा गड्यांना हाक मारली, देवाला हात जोडले आणि मूर्ती बाजूला घेतली.

ऊन घमेल्यात उतरलं. शेठनं हळूच मान बाहेर काढली. मग मागचे पाय लांब केले, दुपारी माणूस आळस देतो तसे. वैनी हलली पण नाय. श्वास धरून बसली होती.

"सरू," ती म्हणाली, "एक डोळा उघडला गो."

मला रडू फुटलं. "उघडला ना?" मी म्हटलं. "मग आता चल, भात वाढते. तू पण जेव."